केस नंबर सात, अक्षर माझं

सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘विचलित वर्तन’. खाली रेघ मारली. आणि रेघेखाली आमच्या वस्तीचं नाव लिहिलं.

मी तिसऱ्या बाकावर होते. फळ्यावरचं वहीत उतरवायची सवय, म्हणून हात चाललाच. विचलित वर्तन, खाली रेघ, खाली माझ्या घराचा पत्ता.

“पुस्तकात वाचून हे कळत नाही,” सर म्हणाले. “सोमवारी आपण तिथे जाऊ. दारू, मारहाण, शाळा सोडलेली मुलं, चोऱ्यामाऱ्या. सगळे प्रकार एकाच ठिकाणी बघायला मिळतील.”

मागून कोणीतरी म्हणालं, “सर, पाकीट घरी ठेवून यायचं का?”

वर्ग हसला. सरही हसले, आणि हसून झाल्यावर म्हणाले, “असं बोलू नये.” मीसुद्धा हसले. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. सगळे हसत असताना एकटी गप्प राहिली की लोक वळून बघतात. माझ्याकडे कोणी वळून बघायला नको होतं.

लोणावळ्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकते, दुसऱ्या वर्षाला. मी कुठली, हे वर्गात कोणाला नक्की माहीत नव्हतं. विचारलं तर सांगायचे, कामशेतच्या अलीकडे. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. शाळेत आठवीला पूर्ण सांगून बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातलं कालवण घेणाऱ्या मैत्रिणींची पोटं एकदम भरलेली असायला लागली. तेव्हापासून अर्धंच सांगायचं ठरवलं.

आमची वस्ती गावाच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला. आजोबांच्या पिढीने बौद्ध धम्म घेतला. मध्ये एक विहार आहे, पत्र्याचा पण स्वच्छ. कोणी उर्शाच्या टोलनाक्यावर कामाला, कोणी नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात कंत्राटावर, बायका बंगल्यांत धुणीभांडी करायला. दारू पिणारे आहेत का? आहेत. वरच्या गावात नाहीत का? आहेत. तिथे मागच्या जत्रेत दोन भावकींनी एकमेकांची डोकी फोडली. त्याला जुना वाद म्हणतात.

सर वाईट माणूस नाहीत. पुण्याहून येतात, वेळेवर येतात, शिकवतात चांगलं. हा धडाही त्यांनी नीट शिकवला. आधी लोक म्हणायचे, गुन्हेगार जन्मताच तसा असतो, कवटीवरून ओळखता येतो. मग म्हणायला लागले, तो नाही, त्याचं घर वाईट. मग म्हणाले, घर नाही, परिसर वाईट. शेवटच्या दोन पानांवर आणखी एक गोष्ट होती. वागणं मुळात वाकडं किंवा सरळ नसतं. ज्यांच्या हातात शिक्का असतो, ते ज्याच्यावर मारतील तो वाकडा ठरतो. सर म्हणाले, “ती दोन पानं सोडून द्या. परीक्षेला येत नाहीत.”

मीही सोडून दिली.

सरांनी एक पानी फॉर्म छापून आणला होता. घरात व्यसन कोणाला? मारहाण होते का? पोलीस कधी आले होते का? शाळा कोणी सोडली? मग शेऱ्यासाठी दोन ओळी. खाली एक चौकट, ‘विचलनाचे कारण’. तीन पर्याय होते: स्वभाव, कुटुंब, परिसर. एकावर खूण करायची. काहीच विचलन नसलं तर काय, याला जागा नव्हती. सगळ्यात खाली, माहिती भरणाऱ्याचे नाव.

सोमवारी आजारी पडायचा विचार केला होता. पण न येणाऱ्याचे प्रकल्पाचे गुण जाणार होते. मग वाटलं, आपण असलो तर आपल्या घरापासून लोकांना दुसरीकडे वळवता येईल. घरी मी एका शब्दाने बोलले नाही. आईला कळलं असतं तर तिने घर झाडून काढलं असतं, ठेवणीतली साडी नेसली असती आणि माझ्या मैत्रिणी येणार म्हणून चहाचं दूध जास्तीचं आणलं असतं. ते मला बघवलं नसतं. खरं सांगायचं तर मला आईची लाज वाटत होती. कॉलेजात शिकून मी एवढीच शहाणी झाले होते.

माझी जोडी रसिकाबरोबर लागली. ती प्रश्न विचारणार, मी लिहिणार, कारण माझं अक्षर चांगलं. रसिका लोणावळ्यातली. तिचे काका ज्या बंगल्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तिथेच माझे वडील वॉचमन आहेत, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. वस्ती कामाला गेलेली, मला हाक मारणारं कोणी भेटलं नाही. मी तिला विहाराच्या मागच्या बाजूला नेत होते. पण तिला आमच्या दारातली गुलाबाची कुंडी दिसली.

“हे घर घेऊ. फोटो छान येईल.”

आई दारात भांडी घासत होती. तिने वर बघितलं. मला बघून तिचं तोंड उघडलं, हसायला. मी मान हलवली. एवढीशी. नको म्हणून.

आईचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने हात पदराला पुसले, उठली आणि म्हणाली, “या ताई, बसा. पानी देऊ का?”

“नको मावशी, आहे आमच्याकडे,” रसिका म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढली.

आई माझ्याकडे वळली. “तुमाला वो, ताई?”

मी म्हणाले, “नको.”

माझी आई मला तुम्ही म्हणाली. तिच्या हातचं पाणी मी नको म्हणाले. लोक म्हणतात, अशा वेळी धरणी दुभंगून पोटात घ्यावं असं वाटतं. मला तसलं काही वाटलं नाही. मला फक्त वाटलं, लवकर आटपावं.

रसिकाने पहिला प्रश्न विचारला. “मावशी, घरात कोणी दारू पितं का?”

आईने चोरून माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, “पितो की. मालक पितो. लय पितो.”

माझं पेन थांबलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वस्तीत कागद घेऊन माणसं येतात ती योजनेचीच. संडास, गॅस, रेशन, घरकुल. घरकुलाच्या यादीतून आमचं नाव दोनदा गेलंय. पहिल्यांदा का गेलं ते कळलं नाही. दुसऱ्यांदा आईने खरं सांगितलं होतं. मालक कामाला आहेत, पीत नाहीत, पोरगी कॉलेजला आहे, बरं चाललंय. शेजारचे आजोबा तेव्हा तिच्यावर ओरडले होते. “फारम आला की रडायचं असतं गं. हसून सांगितलं की नाव कटतं.” तेव्हापासून आईने मनाशी पक्कं केलं होतं, पुढच्या फॉर्मला चुकायचं नाही.

आणि मी मान हलवली होती. ओळख दाखवू नको म्हणून. तिने त्याचा तिच्या परीने अर्थ लावला. पोरगी सरकारी माणसं घेऊन आलीय, नातं कळलं तर वशिला म्हणून नाव कापतील. केवढी हुशार माझी आई.

“मारहाण करतात?”

“करतो की. कवा कवा लय मारतो.”

“पोलीस वगैरे आले होते कधी?”

आई क्षणभर अडखळली. तेवढं खोटं तिच्या जिभेवर येईना. मग म्हणाली, “आलते. एकदा.”

“लिही ना,” रसिका मला म्हणाली.

माझ्या वडिलांनी दारू सोडून आठ वर्षं झाली. मी लहान होते तेव्हा ते प्यायचे, हे खरं आहे. मग एका पौर्णिमेला विहारात सगळ्या वस्तीसमोर उभे राहिले, पाचवं शील मोठ्याने म्हणाले, नशा आणणाऱ्या वस्तूपासून दूर राहीन, आणि राहिले. त्यांनी आईवर हात उगारलेला मी कधी बघितला नाही. पीत होते तेव्हासुद्धा नाही. हे सगळं मला माहीत होतं. तोंड उघडून तीन शब्द बोलायचे होते. ही माझी आई.

मी लिहिलं. व्यसन: वडील, दारू. मारहाण: होय. पोलीस: होय. सुवाच्य अक्षरात.

तेवढ्यात वडील आले. शनिवार-रविवार पाहुण्यांची गर्दी, दुसरा वॉचमन आला नाही, म्हणून सलग दोन दिवस तेच ड्यूटीवर होते. अंगात गणवेश, टोपी हातात, डोळे लाल. त्यांनी मला बघितलं, रसिकाला बघितलं. आईने डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. ते काही न बोलता उंबऱ्याशी बसले, बूट काढायला वाकले आणि झोपेने तिथेच भिंतीला टेकले.

“बघ,” रसिका माझ्या कानात म्हणाली. “सकाळीच.” तिने मोबाइलवर फोटो काढला. “शेऱ्यात लिही. सकाळी अकरा वाजता नशेत आढळले.”

मी तेही लिहिलं. कारणाच्या चौकटीत रसिकाने स्वतः खूण केली. परिसर.

संध्याकाळी घरी आले तर आई खुशीत होती.

“बरं केलं ना म्या? वळक दावली न्हाई. तू मान हलवली तवाच मला समजलं. आता लागंल ना गं आपलं नाव?”

मी म्हणाले, “बघू.”

वडील जेवता जेवता थांबले. “म्या पितो म्हून सांगितलंस व्हय गं?”

“मंग काय सांगू? मागच्या बारीला खरं सांगून काय मिळालं?”

वडील हसले. “सांग की. घर मिळत आसंल तर खून केलाय म्हून सांग.” मग अर्धी भाकरी ताटात ठेवून त्यांनी हात धुतला. मला तेव्हा तरी बोलता आलं असतं. आई, तो फॉर्म घरकुलाचा नव्हता. नाही बोलले. तिच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मोडवेना, हे एक कारण. भित्रेपणा, हे दुसरं. दुसरं जास्त खरं.

वडील ज्या सोसायटीच्या गेटवर बसायचे तिथलं मी लहानपणापासून ऐकत आलेय. मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. दिवसाढवळ्या पितात, एकमेकांच्या अंगावर ओततात. एकदा पाहुण्यांनी पोहायच्या तलावात बाटल्या फोडल्या. वडिलांनी पाणी सोडून दिलं आणि काचा हाताने वेचल्या. एकदा एकाने त्यांच्या चौकीच्या भिंतीवर लघवी केली. साहेब, हितं नका करू म्हणाले, तर त्याने थोबाडीत मारली. वडिलांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली. सेक्रेटरी म्हणाले, “पाहुणे आहेत. एन्जॉय करायला येतात. तुम्हीच जरा समजून घ्यायला पाहिजे.” तिथे फॉर्म घेऊन आमचा वर्ग गेला नाही. तिथलं पिणं पर्यटन असतं. आमच्यात न पिताही माणूस नशेत आढळतो.

महिन्याभराने कॉलेजच्या हॉलमध्ये प्रकल्पांचं प्रदर्शन लागलं. सरांनी निवडलेल्या केसेसचे तक्ते केले होते. केस नंबर सात. वर वडिलांचा फोटो, भिंतीला टेकलेला, डोळ्यांवर काळी पट्टी. नाव छापायचं नाही, असा नियम असतो म्हणे. गणवेश दिसत होता, मिशी दिसत होती, गालावरचा डाग दिसत होता. खाली माझा फॉर्म मोठा करून लावलेला. एवढ्या फॉर्ममधून सरांनी हाच का निवडला? “अक्षर बघा किती सुंदर आहे,” ते सगळ्यांना सांगत होते. त्यांनी मलाच तक्त्याजवळ उभं केलं होतं, समजावून सांगायला.

प्रमुख पाहुणे रसिकाचे काका. ते कॉलेजच्या समितीवरही आहेत. एकेक तक्ता बघत आमच्यापाशी आले. वाकले. चष्मा वर केला.

“अरे, हा तर आमचा वॉचमन.” सरांकडे वळून म्हणाले, “बरं झालं कळलं.”

सर मला म्हणाले, “सांग, केस समजावून सांग पाहुण्यांना.”

मी पाठ केलेलं म्हणायला लागले. सदर कुटुंबात व्यसनाधीनता आढळते. तेवढं एक वाक्य म्हणाले. दुसरं येईना. तक्त्यावर माझेच काना-मात्रे. शाळेत अक्षरासाठी मला बक्षीस मिळालं होतं, तेव्हा वडिलांनी ते वस्तीत घरोघर दाखवलं होतं. तेच अक्षर.

“हे माझे वडील आहेत,” मी म्हणाले.

सर म्हणाले, “काय?”

“हे माझे वडील. ही माझी वस्ती. त्यांनी दारू सोडून आठ वर्षं झाली. त्या दिवशी ते दोन दिवस ड्यूटी करून आले होते, यांच्याच गेटवर. हे मी लिहिलंय आणि हे खोटं आहे.”

सर हळू आवाजात म्हणाले, “भावनेच्या भरात बोलू नकोस. तुझ्या आईनेच सांगितलंय ना? तो डेटा आहे.”

मी वळले. तक्त्याच्या चार टाचण्या काढल्या, गुंडाळी केली, काखेत घेतली. फाडला नाही. आवाज चढवला नाही. कोणाला शिवी दिली नाही.

रसिकाचे काका म्हणाले, “बघा. हेच ते.”

आणि सर, जे वाईट नाहीत, त्यांनी मान डोलावली. “परिसराचा परिणाम असतो,” ते म्हणाले. माझ्या नावाच्या चौकटीतली खूणही करून झाली होती.

दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले ते दुपारीच परत आले. गणवेश तिथेच उतरवून घेतला होता, अंगात कोणाचा तरी जुना शर्ट. गेटवर त्यांना सांगितलं, पिणारा माणूस आम्हाला चालणार नाही. ते म्हणाले, पीत नाही, कुठे पण तपासा. त्यावर काय उत्तर मिळालं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. आईने सांगितलं. उत्तर होतं, “तुमच्याच पोरीने लिहून दिलंय.”

मग मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली.

“मंग ते फारम घरकुलाचं नव्हतं?”

“नव्हतं.”

“मंग कशाचं व्हतं?”

दोन वर्षं समाजशास्त्र शिकून माझ्या आईच्या एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “म्याच बोलले गं. माज्याच तोंडानं बोलले.” चूक माझी, आणि ती स्वतःला लावून घेत होती. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

आठवड्याने मला कॉलेजची नोटीस आली. असभ्य वर्तन, शिस्तभंग, प्रदर्शनातील तक्ता फाडणे. फाडणे असं लिहिलंय. तक्ता आमच्या घरात पत्र्याखाली अख्खा आहे. शनिवारपर्यंत लेखी माफीनामा दिला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. ऑफिसातल्या बाईंनी मजकूरही दिला, स्वतःच्या हाताने उतरवून काढायचा. ‘मी माझ्या वर्तनाबद्दल दिलगीर आहे. प्रकल्पातील माहिती खरी असून माझी त्याबद्दल काहीही तक्रार नाही.’

माहिती खरी असून. एवढ्या तीन शब्दांसाठी सगळा माफीनामा आहे.

वडील रोज वडापच्या जीपने तळेगावच्या बाजूला जातात, काम बघायला. तिथल्या गेटवरची माणसं त्यांच्या आधीच्या कामावर फोन लावतात, मग कळवतो म्हणतात. काल रात्रीचं जेवण झाल्यावर ते माझ्यापाशी बसले.

“लिवून दे बाय. माजं गेलं ते गेलं. तुजं शिकान नको जायाला. कागुदच हाये, काय जातंय?”

“आबा, तुमी पिता का?”

“न्हाई.”

“मंग तुमी पिता म्हणून मी परत लिहू?”

ते म्हणाले, “आमचं ऐकनार कोन हाये गं?”

कोणी नाही. मला माहीत आहे. मी काहीही केलं तरी वडिलांना ते गेट परत मिळणार नाही. पुढच्या वर्षी सर दुसरी मुलं घेऊन दुसऱ्या वस्तीत जातील, तिथली एखादी आई घरकुलाच्या आशेने आपल्याच नवऱ्याला दारुडा म्हणेल. मी ते थांबवू शकत नाही. गावात आत्ताच म्हणतात, पोरीने शिकून बापाची नोकरी खाल्ली. तेही मी थांबवू शकत नाही.

आज शुक्रवार. समोर दोन कागद आहेत. एक माफीनाम्याचा, कोरा. दुसरा सरांचा फॉर्म, माझ्या फाइलमध्ये एक जास्तीचा राहिला होता. तो मी मघाशी भरला. व्यसन: कोणालाही नाही. मारहाण: नाही. पोलीस: कधीही आले नाहीत. शाळा कोणी सोडली: अजून कोणी नाही. शेऱ्यात लिहिलं, सलग दोन दिवसांच्या ड्यूटीनंतर झोपेत आढळले. कारणाच्या चौकटीत तिन्ही पर्यायांवर आडवी रेघ मारली. माहिती भरणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव, आणि पुढे नातं, मुलगी.

आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, “ह्याच्यानं परीक्षेला बसू देतील?”

“न्हाई देणार.”

उद्या मी हाच कागद ऑफिसात देणार आहे. माफीनाम्याचा कोराच परत करणार आहे. माझ्या हाताने एकदा खोटं लिहिलं, त्यात बापाची भाकरी गेली. आता हा हात मोडला तरी चालेल, दुसऱ्यांदा लिहिणार नाही.